तुमची फाइल ठेवायची की आमची?

आम्हाला आयुष्यात कुणी फारसं काही विचारलेलं नाही. नाव आत्याने ठेवलं. दहावीला टक्के बरे पडले म्हणून सायन्सला घातलं, बारावीला ते घसरले म्हणून कॉमर्सला आणलं, आणि दोन्ही निर्णय झाले तेव्हा आम्ही गॅलरीत उभे होतो. लग्नाच्या वेळी 'तुला मुलीला काही विचारायचंय का?' असं विचारलं खरं, पण तोवर पोहे संपले होते आणि मोठी माणसं चपला शोधत होती. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'कुणाला काही बोलायचंय का?' हा प्रश्न सेक्रेटरी खुर्च्या एकमेकींत अडकवता अडकवता विचारतात. मोबाइल तर मालक झोपल्याची खात्री करून रात्री दोन वाजता स्वतःच अद्ययावत होतो. सकाळी उठून पाहावं तर फोन लावायचं बटण दुसरीकडे गेलेलं असतं.

अशा माणसासमोर एखादं यंत्र थांबलं, त्याने चार पर्याय मांडले, 'आपलं काय म्हणणं आहे?' असं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत ते खरोखरच थांबून राहिलं, तासभर, दुपारभर, लागलं तर रात्रभर, तर त्या माणसाला घाम फुटतो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवण्यात अवघड असं काही असेल तर ते हेच आहे. बाकी सगळं यंत्र करतं. तुम्ही फक्त मत द्यायचं असतं.

आमचा लॅपटॉप 2012 सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम. मध्यंतरी लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणून बसवली, तेव्हापासून तो सुरू करून देवपूजा उरकायची सोय राहिली नाही. बॅटरी आहे, म्हणजे तिच्या जागी आहे. डावी बिजागरी फेविक्विकच्या भरवशावर चालते. या वयाच्या लॅपटॉपला विंडोज 11 दारातूनच परत पाठवतं: टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. विंडोज 10ची नेहमीची साथ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आणि जगभरातले असंख्य ठणठणीत लॅपटॉप एका तारखेत 'जुने' ठरले. आमचा त्या तारखेच्या कितीतरी आधी लिनक्सवर गेला होता, त्यामुळे त्या दिवशी आम्ही कॉलर ताठ करून फिरलो. कुणी विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी.

लिनक्सचेही पंथ असतात. आमचा पंथ डेबियनचा. इयन मर्डॉक नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 16 ऑगस्ट 1993 रोजी त्याची घोषणा केली आणि प्रेयसी डेब्राच्या नावाचा पूर्वार्ध व स्वतःचं नाव जोडून प्रकल्पाचं बारसं केलं. वीस वर्षांच्या मुलाने केलेलं असूनही डेबियनचा स्वभाव मात्र पहिल्यापासून पेन्शनरांचा आहे. नवी आवृत्ती कधी येणार, असं विचारलं की पूर्वापार उत्तर ठरलेलं: तयार होईल तेव्हा. प्रत्यक्षात ती साधारण दर दोन वर्षांनी येते. येते तेव्हा तिच्यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी उलटीपालटी करून पाहिलेली असते, आणि त्यामुळेच ती थोडी शिळीही असते. डेबियनच्या लोकांना याचा अभिमान आहे. शिळं म्हटलेलं त्यांना चालतं, बिघडलेलं म्हटलेलं चालत नाही.

आणि या गंभीर मंडळींनी आवृत्तींना नावं मात्र 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या खेळण्यांची दिली आहेत. सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची धुरा ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होती आणि ते नोकरी करत पिक्सारमध्ये, तिथून हे आलं. 1996 साली 'बझ', मग 'रेक्स', 'बो', 'हॅम', पुढे 'पोटॅटो', 'वुडी'. जगातले कित्येक सर्व्हर एके काळी 'बटाटा' नावाच्या प्रणालीवर चालत होते आणि त्यावर कुणी हसत नव्हतं. बाराव्या आवृत्तीचं नाव 'बुकवर्म', म्हणजे पुस्तकं राखणारी एक हिरवी अळी. तेरावी 'ट्रिक्सी', निळी ट्रायसेराटॉप्स, तीन शिंगांची डायनासोरीण. जिथे सगळं नवं, कच्चं, आज चालणारं आणि उद्या न चालणारं सामान येऊन पडतं, त्या शाखेचं नाव कधीच बदलत नाही. ती कायम 'सिड'. सिड म्हणजे सिनेमातला तो शेजारचा मुलगा, जो खेळणी मोडतो. एवढी स्पष्ट सूचना आमच्याकडे एखाद्या पुलावरसुद्धा लावलेली पाहिली नाही.

आवृत्तींना आकडेही असतात, आणि मराठी घरात पंचाईत होते ती तिथे. अकरावी, बारावी, तेरावी. मधली इयत्ता गाळून पुढे जाता येत नाही, असा नियम आहे. अकरावीवाल्याने आधी बारावी पुरी करायची, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायचा, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायचं, मगच तेरावीचं नाव काढायचं. हे सगळं आम्ही गॅलरीत उभे राहून भाच्याला फोनवर समजावत होतो. 'रविवारी तेरावं उरकून घेतो, जागा थोडी कमी पडेल पण होईल,' असं म्हणालो असू. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी बायकोला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "कुणाचं हो? आम्हाला कळवलंही नाहीत."

खरं म्हणजे तेरावं घालायची काही घाई नव्हती. बुकवर्म जून 2023मध्ये आली. तिच्या सुरक्षेची काळजी आधी मूळ चमू आणि नंतर दीर्घ मुदतीची मंडळी, अशी मिळून जून 2028पर्यंत वाहिली जाणार होती. लॅपटॉप चालत होता. वाय-फाय चालत होतं. प्रिंटर, जो कुणाच्याच घरी चालत नाही, तोसुद्धा चालत होता. आणि नेमकं हेच सहन होत नाही. लिनक्सवाल्याच्या घरात सगळं सुरळीत सुरू असलं की तो कासावीस होतो. 9 ऑगस्ट 2025 रोजी ट्रिक्सी आली, तिच्यात 69,830 पॅकेजं आहेत असं वाचलं, आणि त्यांतली आपण फार तर वीस वापरतो हे पक्कं माहीत असूनही उरलेली 69,810 आपल्याला खुणावतायत असं वाटायला लागलं.

भाचा हिंजवडीत कामाला आहे. तो म्हणाला, "मामा, चालतंय ते चालू दे ना. माझा कंपनीचा लॅपटॉप बघ, मीटिंग चालू असताना स्वतःच रीस्टार्ट झाला."

"तुला विचारलं नाही त्याने?"

"विचारलं. 'आत्ता करू की पंधरा मिनिटांनी?'"

हा फरक मी त्याला समजावू शकलो नाही.

डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर एक माहितीपत्रक येतं. ते शांत, नेमक्या आणि किंचित काळजीच्या सुरात लिहिलेलं असतं. आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा, असं ते सांगतं. डिस्कवर जागा किती आहे ते पाहा. बाहेरून जोडलेले, मूळ डेबियनचे नसलेले पॅकेज-स्रोत आधी बंद करा. शक्यतो चित्रांच्या डेस्कटॉपवरून हे काम करू नका, कारण ज्या फांदीवर बसलात तीच मध्येच बदलली जाण्याचा संभव आहे. साध्या अक्षरी पडद्यावर जा. आणि, हे मला फार आवडतं, 'स्क्रिप्ट' नावाची आज्ञा देऊन पडद्यावर जे जे उमटेल ते फाइलीत उतरवून घ्या, म्हणजे काही बिनसलं तर नक्की काय झालं ते नंतर कळेल. शिवाय ती फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवू नका, मशीन पुन्हा सुरू करताना तीच पुसली जाईल. पंचनामा कुठे ठेवू नये हेही ज्या कागदात लिहिलेलं असतं, त्या कागदावर विश्वास बसतो.

अक्षरी पडद्याची एक गंमत आमच्यासारख्यांनाच कळते. डेबियन मराठीत बसवता येतं, आणि पॅकेजं चढवणारा ॲप्ट हा प्रोग्रॅमही मराठी जाणतो. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये तो मराठीत बोलला की ऊर भरून येतो. पण ज्या साध्या काळ्या पडद्यावर जाऊन काम करा असा सल्ला आहे, तिथे देवनागरीला लागणारी अक्षरजुळणी होत नाही. त्यामुळे आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपल्याला आपल्या भाषेत आपलं मत विचारतं, आणि ते सगळं चौकोनांत दिसतं. आम्ही निमूटपणे भाषा इंग्रजी करून घेतली.

प्रत्यक्ष कृती म्हणाल तर एका शब्दाची आहे. 'सोर्सेस डॉट लिस्ट' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. पॅकेजं कुठून आणायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिथे जिथे जिथे बुकवर्म असेल तिथे तिथे ट्रिक्सी करायचं. अळी खोडायची, डायनासोर लिहायचा. मग ॲप्टला सांगायचं की बाजारभाव बघून ये, म्हणजे 'अपडेट'. मग आहेत तीच पॅकेजं नवी करणारं छोटं 'अपग्रेड', आणि त्यानंतर 'फुल-अपग्रेड', ज्यात जुन्याची हकालपट्टी आणि नव्याची भरती दोन्ही होतात. आज्ञा दिली की ॲप्ट हिशेब मांडतो: इतकी पॅकेजं नवी होतील, इतकी वाढतील, इतकी काढली जातील, इतका डेटा आणावा लागेल. आणि शेवटी: पुढे जायचं का? मोठा वाय, तिरकी रेघ, छोटा एन. ज्या उत्तराचं अक्षर मोठं ते नुसतं एंटर दाबलं तरी मिळतं. म्हणजे विचारतात, पण तुम्ही काय म्हणावं याबद्दल त्यांचं मत असतं. इथपर्यंत आपण सरावलेले आहोत.

यानंतर पडद्यावरून ओळी धावू लागतात आणि घरातल्यांच्या मनातली आपली किंमत वाढते. लिबअमुक, लिबतमुक, पुन्हा लिबअमुक. प्रत्यक्षात आपण काहीही करत नसतो, हाताची घडी घालून बसलेले असतो, पण सिनेमातल्या हॅकरांनी आमच्यासाठी फार मोठी पुण्याई करून ठेवली आहे. या काळात कुणी काम सांगत नाही.

मग ओळी थांबतात. पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक मजकूर असतो आणि खाली डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत असतो. हा 'लिस्टचेंजेस'चा पहिला धक्का. चढवण्यापूर्वी पॅकेजांनी आपापल्या महत्त्वाच्या बातम्या सांगायच्या, अशी ही सोय. वाचून झालं की क्यू दाबायचा. हे क्यू कुठेही ठळक लिहिलेलं नसतं. ज्यांना माहीत आहे त्यांना ते इतकं माहीत आहे की सांगायची गरज वाटत नाही, आणि ज्यांना माहीत नाही ते 'काम चालू आहे' असं समजून बाजारात जाऊन येतात. भाजी निवडून होते, डाळीला फोडणी बसते, मशीन तिथेच. ते काम करत नसतं. ते तुमचं वाचून होण्याची वाट पाहत असतं. बातम्या कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल यावर इतकी श्रद्धा आता वर्तमानपत्रांचीही राहिलेली नाही.

पुढचा प्रश्न मी कितीही वेळा वाचला तरी मला त्याच्या पाया पडावंसं वाटतं. सी भाषेची मूळ लायब्ररी बदलायची वेळ येते. तिच्यावर चालणाऱ्या काही सेवा बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागतात. प्रत्येकीबद्दल स्वतंत्र विचारलं तर तुम्हाला त्रास होईल. म्हणून निळ्या पडद्यावर एक करड्या रंगाची चौकट येते आणि विचारते: यापुढे तुम्हाला न विचारता सेवा पुन्हा सुरू केल्या तर चालेल का? न विचारण्याबद्दल विचारणं! आमच्या चार पिढ्यांत एवढी सभ्यता कुणाच्या वाट्याला आली नसेल. आणि इथे मोठं अक्षर 'नाही'चं आहे. म्हणजे तुम्ही काही ठरवलं नाही, तर ते विचारतच राहणार.

पण हे सगळे लिंबूटिंबू. खरा पेपर पुढे.

लिनक्समध्ये बहुतेक प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलीत असतात, आणि कोणीही, म्हणजे ज्याच्याकडे पासवर्ड आहे असा कोणीही, त्यात लिहू शकतो. आता नवी आवृत्ती येते तेव्हा तिच्याबरोबर त्या फाइलीची नवी प्रतही येते. तुमची फाइल तुम्ही कधी हात न लावलेली असेल तर प्रश्नच नाही, नवी बसते. पण तुम्ही तिच्यात काही बदललं असेल, तर डीपीकेजी हा ॲप्टच्या हाताखालचा कारागीर हातातलं काम खाली ठेवतो आणि सांगतो: ही फाइल तुम्ही, किंवा एखाद्या स्क्रिप्टने, बदललेली आहे. पॅकेज सांभाळणाऱ्यांनीही सुधारलेली प्रत पाठवली आहे. काय करायचं? वाय किंवा आय दाबा, त्यांची प्रत बसवतो. एन किंवा ओ दाबा, तुमची ठेवतो. डी दाबा, दोन्हींतला फरक दाखवतो. झेड दाबा, परिस्थितीची पाहणी करायला तुम्हाला बाहेर सोडतो.

परिस्थितीची पाहणी! हा पर्याय कुणीतरी फार माणसं पाहून ठेवलेला आहे. उत्तर ठाऊक नसलं की समिती नेमून पाहणीला पाठवायची, हे आपल्या रक्तात आहे, पण ती सोय एका बटणावर असेल याची कल्पना नव्हती.

आमच्याकडे हा प्रश्न आला तो 'लॉगइनडी डॉट कॉन्फ' या फाइलीवरून. ही फाइल आम्ही बदललेली आहे, असं यंत्राचं म्हणणं होतं. आमचं म्हणणं, आम्ही हिचं नावसुद्धा प्रथम ऐकतोय. घरात दुसरं कुणी असली कामं करत नाही. भाच्यावर संशय घेतला. शेवटी डी दाबला. सगळ्या फाइलीत माझ्या खात्यावरची एक ओळ निघाली: झाकण मिटलं तरी झोपू नकोस, दुर्लक्ष कर. मग आठवलं. लॉकडाउनमध्ये लॅपटॉप टीव्हीला जोडून झाकण मिटून सिनेमे बघत होतो, तेव्हाची ती ओळ. टीव्ही बदलला, सिनेमे मोबाइलवर आले, बिजागरी गेल्यापासून तर झाकण पूर्ण मिटतही नाही. पण त्या एका ओळीसाठी दोन आवृत्त्यांच्या मधोमध, शेकडो पॅकेजं अर्धी उघडी ठेवून, यंत्र थांबलं होतं. मालकाने कधीतरी काहीतरी विचार करून लिहिलं असेल, आपण परस्पर कसं पुसावं, असा त्याचा भाव.

आता सांगा, इथे वाय कोण दाबणार? ओळीचा उपयोग शून्य. नवी फाइल अधिक बरी, हे कळत होतं. तरी मी एन दाबला. जगात कुठेतरी आपलं म्हणणं कायम राहिलं पाहिजे.

मग वीज गेली.

बॅटरीबद्दल वर लिहिलंच आहे. वीज आली, लॅपटॉप सुरू केला, तो सुरूही झाला, अर्धा अळी आणि अर्धा डायनासोर अशा अवस्थेत. ॲप्टला हाक मारली तर उत्तर आलं की मघाचं काम मध्येच तुटलं आहे, ते निस्तरण्यासाठी तुम्ही स्वतः अमुक आज्ञा द्या, आणि पुढे ती संपूर्ण आज्ञा, डीपीकेजी, दोन रेघा, कॉन्फिगर, एक रेघ ए, लिहून दिलेली. म्हणजे रोग कळला आहे, औषध कळलं आहे, बाटलीही हातात आहे. पण तहसील कचेरीतला कारकून जसा 'तुमचं काम होतंय, फक्त इथे लिहिलंय ते तुमच्या अक्षरात उतरवून द्या' म्हणतो, तसं हे. मी ते माझ्या अक्षरात उतरवून दिलं. त्यानंतर जिथे काम तुटलं होतं तिथूनच त्याने पुढे सुरू केलं, आणि सांगायला संकोच वाटतो, पण काहीही बिघडलं नव्हतं. मित्रांना सांगताना मी या जागी थोडी भर घालतो.

विचारण्याच्या या परंपरेचा कळस मात्र आमच्या घरी झाला नाही, तो कॅनडात झाला. लायनस सेबॅस्टियन हे यूट्यूबवरचे संगणकांचे मोठे प्रस्थ. 2021च्या नोव्हेंबरात त्यांनी लिनक्सवर काही दिवस काढून दाखवायचं ठरवलं आणि 'पॉप ओएस' नावाचं लिनक्स घेतलं. त्यांना फक्त स्टीम नावाचा खेळांचा प्रोग्रॅम बसवायचा होता. त्या वेळच्या एका पॅकेजातल्या गफलतीमुळे ॲप्टने हिशेब मांडला तो असा, की स्टीम बसवायचं तर डेस्कटॉपसकट बरंच काही काढावं लागेल. आणि त्याने सांगितलं! ही पॅकेजं अत्यावश्यक आहेत, याने अपाय होऊ शकतो, आपण काय करतोय ते माहीत असल्याशिवाय हे करू नका. नुसत्या वायवर भागणार नव्हतं. एक संपूर्ण वाक्य, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हासह, स्वतःच्या बोटांनी टाइप करायचं होतं. अर्थ असा: होय, मी सांगतो तसंच कर! त्यांनी ते केलं. यंत्राने सांगितलं तसंच केलं. डेस्कटॉप गेला, काळ्या पडद्यावर कर्सर राहिला, आणि लाखो लोकांनी ते पाहिलं.

यावर जगात दोन तट पडले. एक म्हणाला, एवढं स्पष्ट विचारल्यावर आणखी काय करायचं? दुसरा म्हणाला, साधा खेळ बसवताना असला प्रश्न यावाच कशाला? मी दोन्ही तटांशी सहमत आहे, आणि लायनसरावांशीही. आपण बँकेत, विमा घेताना, ॲप उतरवताना 'मी वरील सर्व वाचून समजून घेतलं आहे' याखाली इतक्या वेळा टिचकी मारलेली असते की यंत्र खरंच विचारतंय हे शेवटपर्यंत खरं वाटत नाही. नंतर ॲप्टच्या कर्त्यांनी ती वाट अवघड करून टाकली. एका माणसाला विचारून पाहिलं, झेपलं नाही, तेव्हा विचारणंच कमी केलं. आमच्या घरीही याच क्रमाने गोष्टी झाल्या असणार.

ॲप्टला एक वेगळा कोपराही आहे, आणि इतक्या जबाबदारीच्या गोष्टींनंतर तो सांगितला पाहिजे. 'ॲप्ट मू' अशी आज्ञा दिली की पडद्यावर अक्षरांची एक गाय उभी राहते आणि तुम्ही आज हंबरलात का, असं विचारते. इथेही प्रश्नच. त्याच घराण्यातल्या 'ॲप्टिट्यूड'ला मू म्हणून पाहिलं तर तो सांगतो, या प्रोग्रॅममध्ये असल्या छुप्या गमती अजिबात नाहीत. बडबडीची पातळी एकेक वाढवून पुन्हा विचारत राहिलं की तो आधी ठासून नाही म्हणतो, मग वैतागतो, आणि शेवटी हात टेकून सापाने गिळलेल्या हत्तीचं चित्र काढून देतो. जगातल्या मोठमोठ्या सर्व्हरांवर, जिथे एका चुकीने कोट्यवधींचा व्यवहार थांबेल, तिथेही ही गाय उभी आहे. कुणी तिला काढलेलं नाही. कदाचित कुणाला विचारायचा धीर झाला नसेल.

तर रविवार संपता संपता तेरावं पार पडलं. वाय-फायने थोडा हट्ट केला. काही चिपांचे ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर राहतात. कर्नल नवा झाला, या खेपेला 6.12, की ते त्याच्या मापाने पुन्हा बांधून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी लागणारं सामान इंटरनेटवर असतं, आणि इंटरनेट वाय-फायवर. मोबाइलची केबल लावली. तिला कुठलाही ड्रायव्हर लागला नाही, काही विचारलंही नाही. थोडं चुकल्यासारखं झालं.

बायको येऊन उभी राहिली. "झालं का तुमचं? काय बदललं?"

पडद्यावरचं चित्र बदललं होतं. आता निळ्या छटांचं 'सेराटॉप्सियन', एलिस कूपर यांचं. ती म्हणाली, हो का, बरं आहे. तेवढ्यावर दिवस गेला असं होऊ नये म्हणून मी तिला मुख्य गोष्ट सांगितली. जुन्या पद्धतीत संगणक 1 जानेवारी 1970पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजतात. ते भांडं 19 जानेवारी 2038 रोजी भरतं, आपल्या घड्याळाने सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी, आणि पुढच्या सेकंदाला बिचारा संगणक 1901 सालात जाऊन पडतो. ट्रिक्सीत त्यासाठी हजारो पॅकेजं नव्याने बांधून वेळ मोजायला 64 बिट केले आहेत. जुन्या 32 बिटी पीसींचा अपवाद, पण आपला 64चा आहे.

"म्हणजे हा लॅपटॉप 2038ला चालणार?"

"तारीख चुकणार नाही, एवढं नक्की."

तिने मोबाइलवर काहीतरी पाहिलं. "मंगळवार आहे. सकाळी पावणेनऊला नेमकी पाण्याची वेळ. सरका जरा, मला विजेचं बिल छापायचंय."

मी सरकलो. तिने बिल उघडलं, छापायची आज्ञा दिली. मध्येच एक चौकट आली: कागद ए-फोर की लेटर?

"थांब," मी म्हणालो, "नीट वाचू दे."

तोवर प्रिंटरमधून बिल अर्धं बाहेर आलं होतं. लेटरच्या बाजूनेही काही म्हणता आलं असतं, ते मी अजून जुळवत होतो.